जैसलमेरच्या भिंतींना ओल कुठून आली?

ऑगस्ट २०२४ मध्ये जैसलमेरला जोराचा पाऊस झाला आणि किल्ल्याच्या तटबंदीचा एक भाग खाली आला. बातमीचा व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरला. दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला जायचं ठरवून बसलेल्या शेजारच्या काकूंनी लगेच विचारलं, "अहो, वाळवंटात कुठे पावसाने भिंत पडते का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात मावत नाही. त्यासाठी हे गाव तिथे का वसलं, का ओस पडत गेलं आणि पर्यटकांनी ते पुन्हा कसं भरलं, हे सगळं बघावं लागतं. आठशे वर्षांहून जुनी ही गोष्ट फिरून फिरून पाण्यापाशीच येते.

मुळात तिथे शहर वसवलंच कशाला?

जैसलमेरचा वर्षभराचा पाऊस सरासरी १५ ते २० सेंटीमीटर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जैसलमेरला तेवढा पाऊस पडायला पाचेक वर्षं लागतील. नदी नाही, सुपीक जमीन नाही. मग रावळ जैसल या भाटी राजपूत राजाने ११५६ साली राजधानीसाठी हीच जागा का निवडली?

एक कारण सुरक्षिततेचं. त्याची जुनी राजधानी लोद्रवा साधारण १५ किलोमीटरवर, उघड्या माळावर होती. शत्रू आला की आडोसा नाही. इथे मात्र सपाट मुलखात मधेच अडीचशे फूट उंचीची एक टेकडी उभी होती, त्रिकूट नावाची.

दुसरं कारण पैशाचं. सिंध आणि मुलतानकडून गुजरातकडे आणि पुढे हिंदुस्थानात जाणारे उंटांचे तांडे याच भागातून जात. महामार्गावरचा टोलनाका डोळ्यांसमोर आणा. तिथे काही पिकत नाही, तरी नाका ज्याच्या हातात त्याची चंगळ. जैसलमेर हा वाळवंटातला टोलनाका होता. तांड्याला पाणी, सावली आणि लुटारूंपासून संरक्षण द्यायचं, बदल्यात जकात घ्यायची. रेशीम, अफू, सुका मेवा, जरीचा माल काहीही जावो, रावळाचा वाटा ठरलेला. हाती पैसा आल्यावर किल्लाही वाढत गेला. आज दिसणाऱ्या ९९ बुरुजांपैकी ९२ बुरूज १६३३ ते १६४७ या काळात बांधलेले आहेत.

बाकी, तिथे पोचणंच मुश्कील. घोडा लाकडाचा, पाय दगडाचे आणि चिलखत लोखंडाचं असेल तरच जैसाण (म्हणजे जैसलमेर) गाठता येतं, अशी तिकडची म्हण आहे. आपल्या मराठी फौजांनी अठराव्या शतकात राजपुतान्यातल्या बहुतेक संस्थानांना खंडणीसाठी पुरतं जेरीला आणलं होतं, पण जैसलमेर त्यातून सुटलं. आडबाजूला असण्याचा हाही एक फायदा.

आणि पाणी?

ही बाजू गाइड दोन मिनिटांत उरकतात. खरं तर तिथे थांबायला हवं.

किल्ल्यापासून जवळच गडीसर तलाव आहे. चौदाव्या शतकात रावळ गडसीने तो बांधून घेतला, आणि विसाव्या शतकातल्या साठच्या दशकापर्यंत गावाची तहान मुख्यतः त्यावरच भागत होती. बायका डोक्यावर घडे घेऊन तलावावर जायच्या आणि गड चढून परत यायच्या. एका घड्यात दिवस कसा काढायचा ते घरोघरी ठरलेलं असे. आधी प्यायला, मग स्वयंपाकाला, आणि धुण्याभांड्यांचं उरलेलं पाणी जनावरांना नाहीतर झाडाला. भांडी तर बऱ्याचदा राखेने आणि वाळूनेच घासायची.

तलावाच्या तोंडाशी एक देखणी कमान आहे. ती तिलों नावाच्या गणिकेने बांधली असं सांगतात. राजघराण्याला ते रुचलं नाही, राणी त्या दारातून पाण्याला कशी जाणार म्हणून कमान पाडायची ठरली. तेव्हा तिने वर कृष्णाचं मंदिर बांधून टाकलं. आता कोण हात लावणार? गोष्ट खरी असो वा नसो, बाई हुशार होती.

गावाबाहेरची तऱ्हा वेगळी. पालीवाल ब्राह्मण तिथे 'खडीन' पद्धतीने शेती करत. खडीन म्हणजे उताराच्या तळाशी घातलेला लांबलचक मातीचा बांध. मोठ्या खडकाळ पसाऱ्यावर पडलेला थोडासा पाऊस वाहत येऊन बांधामागे साठतो, जमिनीत मुरतो, आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा निघतो. पागोळ्यांखाली पिंप ठेवून छपरावरचं सगळं पाणी एका जागी धरावं, तसाच प्रकार. एवढ्याशा पावसात गहू पिकवणारी ही माणसं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावं सोडून निघून गेली. त्यातलं कुलधरा आज 'भुताचं गाव' म्हणून तिकीट लावून दाखवतात. दिवाण सालिमसिंहाच्या जुलमाला कंटाळून एका रात्रीत ८४ गावं रिकामी झाली, ही कहाणी सगळ्यांना ठाऊक असते. पाणी आटत गेलं आणि कराचा बोजा वाढत गेला म्हणून लोक हळूहळू पांगले, हे जास्त पटण्यासारखं आहे. पण त्यात भूत नाही, म्हणून ते खपत नाही.

थोडक्यात, पाणी नसणार हे धरूनच या शहराची घडी बसली होती. घरंही तशीच. पिवळ्या दगडाचे चिरे एकमेकांत खाचा पाडून बसवलेले, बऱ्याच ठिकाणी चुनाही नाही. छतावर लाकूड, त्यावर गवताचा थर आणि वर जाड माती. उन्हाळ्यात गारवा देणारं हे छत रोज पाणी झेलायला केलेलंच नाही.

इतकं श्रीमंत शहर मग ओस का पडलं?

याचं एक उत्तर आपल्याच दारात आहे, मुंबई बंदरात.

१८१८ च्या डिसेंबरमध्ये महारावळ मूलराजने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. त्या सुमारास जैसलमेरचे व्यापारी जोरात होते. पटवा घराण्याच्या पाच हवेल्या बांधायला १८०५ च्या आसपास सुरुवात झाली आणि काम पन्नासेक वर्षं चाललं, एकेका मुलासाठी एकेक हवेली. दगडाची जाळी इतकी बारीक की लांबून लेस वाटावी.

पण हवेल्या पुऱ्या होत होत्या तेव्हा माल समुद्रावरून जायला लागला होता. जहाजाच्या पोटात हजारो उंटांचं ओझं मावतं, आणि जहाजाला वाटेत पाणी पाजावं लागत नाही. मुंबई आणि नंतर कराची वाढली, तसा वाळवंटातला रस्ता सुकत गेला. पुढे जोधपूरहून सिंधकडे रेल्वे गेली, तीही बाडमेरवरून. जैसलमेर बाजूला राहिलं. नवा बायपास झाला की जुन्या रस्त्यावरचे ढाबे कसे बसतात, ते आपण पाहिलेलं आहे. इथे सबंध राजधानीच बसली. १९०१ च्या जनगणनेत शहरात जेमतेम सात हजारांच्या आसपास माणसं उरली होती. व्यापारी कुटुंबं हवेल्यांना कुलपं लावून पेढ्यांच्या मागे दूरच्या शहरांत गेली.

१९४७ मध्ये सीमारेषा आखली गेली आणि सिंधकडचा उरलासुरला रस्ताही बंद झाला. टोलनाक्याच्या पुढचा रस्ताच कुणीतरी भिंत घालून बंद केला म्हणा ना.

एक गोष्ट मात्र या गरिबीने केली. पैसा नव्हता म्हणून कुणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. बाकीच्या शहरांत सिमेंटचे मजले चढत होते तेव्हा जैसलमेर जसंच्या तसं पडून होतं. पुढे पर्यटक ज्यासाठी आले ते हेच.

पर्यटक आले कसे?

पर्यटन खात्याने जाहिरात केली आणि लोक धावले, असं झालेलं नाही. आधी आलं लष्कर. १९६५ च्या लढाईनंतर सीमेपर्यंत रस्ते लागणारच होते, रेल्वेही पोखरणहून पुढे जैसलमेरपर्यंत नेली गेली. डिसेंबर १९७१ मध्ये याच जिल्ह्यातल्या लोंगेवालाची लढाई देशभर गाजली, मे १९७४ मध्ये पोखरणला अणुचाचणी झाली. वर्षानुवर्षं नकाशाच्या कडेला पडलेलं नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आलं. सीमेमुळे धंदा बुडाला होता, सीमेमुळेच डांबरी सडक आली.

मग १९७४ च्या अखेरीस सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' प्रदर्शित झाला. आपल्याला 'सोनार' म्हटलं की दागिने घडवणारा आठवतो, बंगालीत त्याचा अर्थ 'सोन्याचा'. एका लहान मुलाला पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवतो, अशी कथा. एका पिढीच्या बंगाली मुलांनी तो सिनेमा पाहिला, आणि मोठी झाल्यावर पूजेच्या सुट्टीत ती मुलं सहकुटुंब जैसलमेरला निघाली. आजही किल्ल्यात बांगला पाट्या दिसतात आणि दुकानदार सफाईने बंगाली बोलतात. एका सिनेमाने एखाद्या शहराचं पोट भरावं, याची इतकी ठळक उदाहरणं फार नसतील.

पाठोपाठ पाठीवर बोचकं घेतलेले परदेशी तरुण आले, मग मोठ्या गटांच्या सहली, मग सम गावातले वाळूचे डोंगर, तंबू, उंटाची सवारी, मांगणियार लोकगायकांची कमायचा-खरताल या वाद्यांवरची मैफल. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांना मिळून युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात चित्तोड, कुंभलगड, रणथंभोर, गागरोण आणि आमेर यांच्याबरोबर जैसलमेर आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६५ हजारांवर गेली होती. तांडे पुन्हा येऊ लागले, फक्त आता ते टेम्पो ट्रॅव्हलरने येतात.

मधल्या काळात इंदिरा गांधी कालवाही आला. पंजाबातून निघालेलं हे पाणी साडेसहाशे किलोमीटर चालून ऐंशीच्या दशकात जैसलमेर जिल्ह्यात पोचलं. ज्या गावात एका घड्यात दिवस काढायची पद्धत होती, तिथे तोटी सोडली की धो धो पाणी.

पाऊस इतका कमी, मग किल्ला पाण्याने कसा पडतो?

काकूंच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, आणि थोडं गणित केलं की ते उलगडतं.

किल्ला साधारण ४६० मीटर लांब आणि २३० मीटर रुंद. आकार काही चौकोनी नाही, पण पूर्ण आयत धरला तरी त्यावर वर्षभरात १८ सेंटीमीटर पाऊस पडला तर सुमारे १.९ कोटी लिटर पाणी होतं. आता नळाचं बघू. किल्ल्यात काही हजार माणसं राहतात. आपण ३,००० धरू आणि माणशी रोज १०० लिटर पाणी धरू, हॉटेलातल्या शॉवरवाल्यांना धरून हे काही जास्त नाही. दिवसाला ३ लाख लिटर होतात, वर्षाला जवळजवळ ११ कोटी.

म्हणजे आभाळातून जितकं पाणी पडतं त्याच्या पावणेसहा पट पाणी आपणच पाइपने टेकडीवर चढवतो. आकडे ढोबळ आहेत, पण माणसं निम्मी धरली तरी नळच जिंकतो.

शिवाय पाऊस वर्षातले मोजके दिवस पडतो. त्याच्यासाठी जुन्या कारागिरांनी 'घुट नाली' नावाची उतारांची आणि नाल्यांची व्यवस्था केली होती. गल्लीत पडलेलं पाणी चारी दिशांनी पटकन किल्ल्याबाहेर जायचं. नळाचं पाणी रोज येतं, रोज सांडतं, आणि घाईघाईने टाकलेल्या गटारांच्या सांध्यांतून गुपचूप खाली मुरतं. जुने उतार कुठे फरशीखाली गेले, कुठे दुकानाच्या ओट्याखाली.

मुरून ते जातं कुठे? त्रिकूट टेकडी आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या कातळाची नाही. गाळ साचून झालेल्या खडकाचे थर आहेत तिथे, आणि कठीण थरांमध्ये मातकट, चिकणमातीसारखे थर येतात. साबुदाणा भिजत घातल्यावर काय होतं ते आठवा. कोरडा असताना एकेक दाणा टणक, पाणी शिरलं की फुगतो आणि बोटाने दाबला तरी चेपतो. टेकडीच्या पोटातल्या मातीचं तसंच होतं. ती फुगते, मऊ पडते, आणि वरच्या हजारो टन दगडाखालून सरकायला लागते. अशा वेळी जोराचा पाऊस येतो आणि शेवटचा धक्का देतो. बातमीत नाव पावसाचं येतं.

किल्ल्याला दुहेरी तट आहे आणि दोन तटांमधल्या गस्तीच्या वाटेला तिकडे 'मोरी' म्हणतात. आपल्याकडे मोरी म्हणजे काय ते सांगायला नको. योगायोग असा की सांडपाणी झिरपत झिरपत त्याच बाजूला उतरतं.

मी गेलो होतो तेव्हा एका गल्लीत वातानुकूलन यंत्राची पांढरी नळी नक्षीदार भिंतीवर सोडलेली पाहिली. थेंब थेंब पाणी. खालचा दगड काळपट झालेला आणि त्याच्या कडेने पांढरी पूड. बोट लावलं तर दगडाचा पापुद्रा निघून हातात आला. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो, तेच हे. दगडातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, वाळतात, फुगतात आणि दगड आतून फोडतात. दुकानदाराला दाखवलं तर तो हसून म्हणाला, "साहब, ए.सी. नहीं होगा तो आप आओगे?" मला उत्तर सुचलं नाही.

नुकसान नवं नाही. नव्वदच्या दशकातच बुरूज ढासळू लागले होते, राणी महालाचा भाग कोसळला होता. १९९८ मध्ये बाहेरची भिंत पडून सहा जणांचा जीव गेला. धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत जैसलमेर १९९६ पासून तीन वेळा आलं. राणी महाल पुढे पुन्हा उभारला, काही गल्ल्यांची फरसबंदी आणि गटारं नव्याने केली, तट दुरुस्त केले. पण भिंत बाहेरून लिंपायची आणि आत नळ गळता ठेवायचा, असं चाललं तर गवंड्याला कायमचं काम मिळेल, एवढंच.

मग माणसांना बाहेर का काढत नाहीत?

कागदावर हा उपाय सोपा दिसतो आणि तो अधूनमधून कुणीतरी सुचवतं. पण हा 'जिवंत किल्ला' आहे, म्हणजे आत अजून लोकवस्ती, मंदिरं, बाजार आहे. रायगडावर आपण जातो ते रिकामे वाडे आणि जोती पाहायला. इथे दाराशी रांगोळी असते, वर वाळत घातलेल्या साड्या असतात, लग्नाच्या घरावर गणपती आणि लग्नाची तारीख रंगवलेली असते. या घरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. त्यांना काढलं तर किल्ल्यातला जीवच जाईल, आणि लोक जे बघायला येतात तेही जाईल.

मला विचाराल तर राहणारं कुटुंब आणि हॉटेल यांना एका मापाने मोजणं हीच गफलत आहे. घरातली आजी आजही पाणी जपून वापरते. दहा खोल्या, दहा न्हाणीघरं, छतावरचं उपाहारगृह आणि रोज धुवायच्या चादरी हा वेगळाच हिशोब. पण हॉटेलवालाही बहुतेक वेळा तिथलाच. घराची दुरुस्ती परवडत नाही म्हणून तो दोन खोल्या भाड्याने देतो, त्या पैशांतून छत शाकारतो, आणि त्याच खोल्यांच्या पाण्याने पाया भिजतो.

कायदाही अडचणीचा. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. नियम योग्य हेतूने केलाय. पण ज्याचं राहतं घरच त्या हद्दीत आहे त्याने तुळई मोडल्यावर परवानगीची वाट बघत बसायचं का? मग रात्रीतून, कुणाला न विचारता, सिमेंटने काम उरकलं जातं. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं आणि शेजारचा मूळ दगड आणखी लवकर भुगा होतो.

मग आपण जायचंच नाही का?

जायचं. पर्यटक थांबले तर हे गाव कशावर जगणार? मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव वाढला, रात्री दिवे बंद ठेवावे लागले. सुदैवाने हंगाम सरला होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तसं झालं असतं तर अर्ध्या गावाची वर्षाची कमाई बुडाली असती.

फक्त मुक्काम खाली करावा. किल्ल्याबाहेरच्या शहरात त्याच पिवळ्या दगडाची भरपूर हॉटेलं आहेत. दिवसा गड चढा, चारही पोल म्हणजे दरवाजे ओलांडून दसरा चौकात या, जैन मंदिरांतलं कोरीवकाम निवांत पाहा, आतल्या दुकानांत खरेदी करा, आतल्याच घरात चहा घ्या. पैसे वर पोचतात, न्हाणीघराचं पाणी खाली राहतं. काही परदेशी प्रवासी कित्येक वर्षांपासून ठरवून असंच करतात. आपल्या सहल कंपन्यांच्या पत्रकात मात्र 'किल्ल्यात मुक्काम' हे अजून आकर्षण म्हणून छापलेलं दिसतं.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी साबुदाण्याचा मुद्दा लगेच उचलला आणि बुकिंग बदलून खालचं हॉटेल घेतलं. फोन ठेवता ठेवता त्यांची एकच शंका उरली होती.

"पण खालून किल्ला दिसतो ना नीट?"

खालूनच दिसतो, म्हटलं. आत राहिलं की फक्त समोरच्याची भिंत दिसते.